ज्यू इतिहासाचा ऑनलाइन वर्ग, शनिवारची वेळ आणि माझी एक स्लाइड

शाळासुटली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज स्वतःचाच घोळ घेऊन आलेय. लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

मी शाळेत इतिहास शिकवायचे, आता रिटायर. दोनेक वर्षं झूमवर मराठीतून छोटे छोटे वर्ग घेते, पाच-सहा आठवड्यांचे, फी वगैरे काही नाही, येईल तो येईल. यावेळी विषय घेतला ज्यू लोकांचा इतिहास आणि विचार. आपल्याकडे ज्यू म्हटलं की गाडी थेट हिटलरवर नाहीतर मोसादवर जाऊन थांबते, मधली दोन-अडीच हजार वर्षं कुणाला नकोच असतात, म्हणून मुद्दाम घेतला.

पहिली फजिती वेळेची. वर्ग ठेवला शनिवारी संध्याकाळी पाचला. दोन वर्ग झाले आणि इस्रायलमधल्या लोद गावाहून एका मावशींची मेल आली, मराठीत, देवनागरीत, एकही चूक नाही. "बाई, आमच्यावरचा वर्ग आमच्याच शब्बाथच्या दिवशी? आमचे पूर्वज कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे, हे तुम्ही पहिल्याच वर्गात शिकवलंत असं ऐकलं. तेही शनिवारीच शिकवलंत." मला हसू आवरेना आणि लाजही वाटली. वर्ग रविवारी नेला आणि मावशी यायला लागल्या. मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, ऐंशी पार केलेल्या, मराठी अशी की माझ्या आजीची आठवण यावी.

चौथा वर्ग होता तेशुवावर. आपण पश्चात्ताप म्हणतो पण हिब्रू शब्दाचा मूळ अर्थ परतणं, माघारी येणं. बाराव्या शतकात मैमोनिदीसने (ज्यू त्याला रामबाम म्हणतात, जन्म स्पेनमध्ये कॉर्दोबाला, मृत्यू १२०४ मध्ये इजिप्तमध्ये) त्याचा अख्खा कायदाच लिहून ठेवलाय. चूक सोडायची, मनापासून वाईट वाटून घ्यायचं, पुन्हा करणार नाही असं ठरवायचं आणि हे सगळं तोंडाने बोलायचं, मनातल्या मनात चालत नाही. आणि त्याच्याही आधी मिश्नामध्ये (ज्यूंचा जुना कायदेसंग्रह) सांगितलंय की माणसाने देवाशी केलेल्या चुका योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, माफ होतात, पण माणसाने माणसाशी केलेल्या होत नाहीत, त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय नाही. मला हे फार आवडतं. देवाच्या दारात जाऊन शेजाऱ्याचा हिशोब मिटत नाही.

तर हे सगळं छान शिकवलं, आणि मग शेवटी आपल्याकडचं काहीतरी हवं म्हणून एक स्लाइड टाकली: "कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतकं आपला धर्म विसरले होते. कोचीनहून आलेल्या डेव्हिड रहाबीने त्यांना तो पुन्हा शिकवला." दोन ओळी. खाली नवगावच्या स्मारकाचा फोटो, जिथे त्यांचे पूर्वज किनाऱ्याला लागले म्हणतात.

मावशींचा कॅमेरा बंद झाला. पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत, मेलला उत्तर नाही.

दोन गोष्टी विचारायच्यात. एक, त्या स्लाइडमध्ये नक्की काय चुकलं? दोन, तेशुवा शिकवणाऱ्या बाईने आता माफी कशी मागायची, कारण नुसतं सॉरी लिहून पाठवणं मला आता फार पोचट वाटायला लागलंय.

एकटा_टायगर

ताई तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. रहाबीची गोष्ट बेने इस्राएल लोक स्वतःच सांगतात, तुम्ही शोधून काढलेली नाही. म्हातारं माणूस आहे, नेट गेलं असेल. आजकाल शिकवणाऱ्याने प्रत्येक वाक्याला माफी मागायची का?

अलिबाग_लोकल

टायगर, गोष्ट त्यांचीच आहे पण गोष्टीत काय आहे ते तरी बघा ना. रहाबी आला तेव्हा त्याने परीक्षा घेतली म्हणतात, बायकांना वेगवेगळे मासे रांधायला दिले, आणि त्यांनी कल्ले-खवले... सॉरी, पर आणि खवले असलेले मासे तेवढे वेगळे काढले, बाकीचे आम्ही खात नाही म्हणाल्या. शेमा, म्हणजे देव एकच म्हणणारी प्रार्थना, पाठ होतं. मुलाची सुंता आठव्या दिवशी. शनिवार पाळत होते, इतका की गावाने नाव ठेवलं. आता सांगा यात विसरलं कोण? पुस्तक नव्हतं हे खरं. हिब्रू वाचता येत नव्हतं हेही खरं. पण पुस्तक नसणं आणि विसरणं एकच का? माझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती, पण एकादशी कधी चुकली नाही तिची.

सणांची नावंच बघा. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकात सगळी नोंदवून ठेवलीत. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नववर्ष, तो नव्याचा सण. पुरीम तो होळीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या उपासाला बिरड्याचा सण, कारण त्या वेळी मांस नाही, वालाचं बिरडं. एलूल महिन्यात उपास करायचे त्याला चक्क रमजान म्हणायचे, शेजारी बघून शब्द घेतला. आणि योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, दिवसभर उपास, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही की बोलायचं नाही. पूर्वजांचे आत्मे त्या दिवशी घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी जातात असं मानत, तो दुसरा दिवस शिळा सण, त्या दिवशी दानधर्म आणि एकमेकांकडे जाणं.

मी ज्यू नाही हो, पण इस्राएल आळीच्या तोंडाशी घर होतं आमचं. मागेन अबोथ सिनेगॉगवरून (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शाळेत जायचो.

तर्कट

अलिबाग_लोकल, छान माहिती. एक भर. त्यांच्याकडे हनुक्का नव्हता. हनुक्का हा दिव्यांचा सण ज्या घटनेवरून सुरू झाला, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर परत ताब्यात घेऊन शुद्ध केलं, ती इ.स.पू. १६४ ची, त्यामुळे हे लोक त्याआधीच निघाले असा तर्क मांडला जातो. म्हणजे नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही कथा दोन हजार वर्षांहून जुनी ठरते.

खवय्या_नं१

तर्कट, मग बिरड्याचं काय करणार? मंदिर तर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं. आधी निघालेल्यांना त्याचा दुखवटा कसा माहीत?

तर्कट

पहिलं मंदिर बॅबिलोनियनांनी इ.स.पू. ५८६ मध्ये पाडलं, दोन्हीचा दुखवटा एकाच तिथीला, आव महिन्याच्या नवमीला पाळतात. तो आधीचा असू शकतो. पण मान्य, "नाही" वरून तारीख काढणं धोक्याचंच. एखादा सण मागे पडूही शकतो. एकूण काय, सणावरून सनावळी काढू नये.

खवय्या_नं१

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो. बिरडं मात्र कडव्या वालाचंच, यावर वाद नाही.

हडसनकाठचा

शाळासुटली, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. मी न्यू जर्सीत, ऑफिसमधला एक ज्यू मित्र रोज तालमूदचं (मिश्नावरच्या चर्चेचा मोठा ग्रंथ) एक पान वाचतो, जगभर सगळे त्या दिवशी तेच पान वाचतात. १९२३ पासून चालू आहे हे, एकूण २७११ पानं, साडेसात वर्षांत एक फेरी. आत्ताची फेरी जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि दोन महिन्यांत लॉकडाऊन, सगळे फोनवर आणि झूमवर गेले. मीही डोकवायला लागलो ते तेव्हापासून. सेफारिया नावाची साइट आहे, मूळ मजकूर आणि इंग्रजी भाषांतर फुकट. त्याच वर्षी वल्हांडणाच्या सेदेरला, म्हणजे सणाच्या रात्रीच्या जेवणाला, आजीआजोबांना झूमवर घ्यायचं का यावरून मोठं भांडण झालं होतं, इस्रायलमधल्या काही सेफार्दी (स्पेन-उत्तर आफ्रिकेकडच्या परंपरेतल्या) रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सणाच्या आधी चालू करून ठेवायची परवानगी दिली आणि मुख्य रब्बींनी विरोध केला. ऑनलाइन शिकणं चालतं, सणाच्या दिवशी स्क्रीन नाही, असे बारकावे. तेव्हा तुमची शनिवारची चूक तशी परंपरेतलीच म्हणायची :)

आता माफी. रामबाम म्हणतो माणसाविरुद्धची चूक चारचौघांत कबूल करणं कौतुकाचं आहे, ती झाकणाऱ्याची तेशुवा पुरी होत नाही. उलट देवाशी केलेली चूक चव्हाट्यावर आणू नये. समोरचा माफ करत नसेल तर तीन मित्र घेऊन जा, पुन्हा जा, तीनदा जा. त्यानंतरही नाही म्हणाला तर सोडून दे, आता दोष त्याचा. (अपवाद गुरूचा, तिथे हजारदाही जावं लागेल.) तो माणूस वारला असेल तर दहा जण घेऊन थडग्यापाशी जाऊन कबुली द्यायची.

आणि पुरी तेशुवा कधी? तीच चूक करायची तशीच संधी पुन्हा आली, अंगात ताकद आहे, आणि तरी केली नाही, तेव्हा. म्हणजे तुमच्या बाबतीत तोच वर्ग, तीच स्लाइड.

एकटा_टायगर

म्हणजे मावशींकडे तीन मित्र घेऊन जायचं? झूमवर? मी येतो, मला घ्या, मला बोलायला आवडतं.

बाकी एक विचारू का, एवढं माफीशास्त्र असलेल्या लोकांनी कधी बेने इस्राएलची माफी मागितली का? १९६० च्या दशकात इस्रायलमध्ये त्यांच्या लग्नांवरून काहीतरी झालं होतं ना?

कोचीन_डायरी

झालं होतं, आणि मुंबईपासून सुरू करावं लागेल. बगदादी ज्यू इराककडून मुंबईत आले, श्रीमंत झाले, भायखळ्याचं मागेन डेव्हिड, पुण्याचं लाल देऊळ ही ससून घराण्याची बांधकामं. पण १८३६ मध्येच काही बगदादींनी सरकारकडे अर्ज केला होता, स्मशानात बेने इस्राएल आणि आमच्यामध्ये भिंत घाला म्हणून. मेल्यावर सुद्धा शेजार नको. आमच्या कोचीनमध्येही तेच, 'परदेशी' नावाच्या सिनेगॉगमध्ये गुलामांच्या वंशातल्या ज्यूंना मागे बसवायचे, तिथे ए. बी. सालेम या वकिलाने चक्क सत्याग्रह केला, लोक त्याला ज्यू गांधी म्हणायचे.

आता इस्रायल. १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढली की बेने इस्राएलचं लग्न लावताना आई, आजी, जमेल तितकं मागे जाऊन चौकशी करा, कुणी ज्यूंबाहेरचं आहे का, घटस्फोट धर्माप्रमाणे झाले होते का. इतर कुठल्या गटाचं असं नाव घेऊन सूचना नव्हती. कोकणातल्या खेड्यात आजीच्या लग्नाचा कागद कुठून आणायचा? १९६४ च्या उन्हाळ्यात लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले, बायकापोरांसकट. ऑगस्टमध्ये नेसेटमध्ये (इस्रायलची संसद) ठराव झाला की बेने इस्राएल सर्व बाबतीत ज्यूच आहेत, आणि मग रब्बींनी सूचनेतून त्यांचं नाव काढलं. नाव काढलं, सूचना राहिली, "ज्याच्याबद्दल शंका असेल तो" अशा शब्दांत.

याला तेशुवा म्हणायचं का ते हडसनकाठच्याने सांगावं.

हडसनकाठचा

चूक सोडली असं अर्धं म्हणता येईल, तोंडाने बोलले का? ठराव आणि कबुली या वेगळ्या गोष्टी आहेत. मला विचाराल तर चारातली एक पायरी, तीही अर्धी.

पण एक आहे, योम किप्पूरची कबुली सगळी "आम्ही" मध्ये असते. आम्ही चुकलो, आम्ही फसवलं, आम्ही खोटं बोललो. हिब्रू अक्षरांच्या क्रमाने एकेक चूक, आणि प्रत्येक शब्दाला छातीवर हलकीशी मूठ. मी केलं नसलं तरी म्हणायचं.

ठाण्याचा_बेने

इतके दिवस वाचत होतो, "आम्ही" वर आलात म्हणून लिहितो. मी बेने इस्राएल, ठाण्यात राहतो, शार हशामाईम सिनेगॉगला जातो, नावावरून कुणालाही गाव कळेल असं आमचं कर-वालं आडनाव.

बगदादींनी भिंत मागितली हे खरंच आहे, चीड येते. पण आमच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते. वडील बेने इस्राएल आणि आई बाहेरची, त्यांची मुलं काळे. लग्नं नाहीत, स्वैपाकाच्या भांड्याला हात नाही. बगदादी आमच्याबद्दल जे बोलत तेच आम्ही या काळ्यांबद्दल बोलत होतो, अगदी तोच शब्द, शुद्ध नाहीत. माझी आजी अमक्या घरात पाणी पीत नसे, कारण विचारलं की म्हणायची तुला काय करायचंय. आता ते सगळं विरघळलंय, कारण २०११ च्या जनगणनेत देशभरात मिळून साडेचार हजारांच्या आसपास ज्यू उरले होते, भेद करायला माणसं तर पाहिजेत. पण कुणी त्यांची माफी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

शाळासुटली, तुमची स्लाइड मला तितकी लागली नाही, खरं सांगतो. शाळेत मला मास्तर "तू ख्रिश्चन ना रे" म्हणायचे, त्यापेक्षा पुष्कळ बरी आहे. पण मावशी माझ्या आजीच्या वयाच्या असतील तर त्यांना दुसरं काही लागलं असेल. फोन करा. मेल नको.

एकटा_टायगर

हे वाचून गप्प बसलो.

(पाच मिनिटं.)

पण ताई, मागच्या वर्षीच्या पेशव्यांच्या वर्गातही तुम्ही असाच घोळ घातला होतात हे मला आठवतंय...

हडसनकाठचा

टायगर, तेशुवा करणाऱ्याला त्याच्या जुन्या चुकांची आठवण करून देणं हे पाप आहे, मिश्नामध्ये स्पष्ट लिहिलंय. तीन मित्रांत तुमचा नंबर कट.

शाळासुटली

अपडेट. काल फोन केला. दोनदा वाजून बंद झाला, तिसऱ्यांदा उचलला. मनात म्हटलं तीन झाले.

मी रामबामच्या क्रमाने सगळं घोकून ठेवलं होतं, पण "मावशी, ती स्लाइड चुकली" एवढंच तोंडातून निघालं आणि पुढे त्याच बोलल्या, वीसेक मिनिटं. जमेल तसं लिहिते, त्यांना विचारून लिहितेय, नाव-गाव नको म्हणाल्या.

"विसरले" याचा राग होताच. १९६३ मध्ये त्यांचं लग्न ठरलेलं, इस्रायलमध्येच, आणि एका कचेरीत त्यांना विचारलं तुमची आजी कोण, तिच्या आईचा कागद दाखवा. कागद नाही म्हटल्यावर तो माणूस म्हणाला, मग तुम्हाला कसं माहीत तुम्ही कोण आहात? लग्न अकरा महिने लांबलं. "कागद नाही म्हणजे विसरले, हे मी तेव्हा एकदा ऐकलंय बाई, हिब्रूत. मराठीत ऐकेन असं वाटलं नव्हतं."

पण कॅमेरा बंद केला तो त्यामुळे नाही म्हणाल्या. मी दीड तास योम किप्पूर योम किप्पूर करत होते आणि एकदाही दारफळणी म्हटलं नाही. त्या वाट बघत होत्या. त्यांना वाटलं मराठीतून वर्ग आहे, मराठी बाई शिकवतेय, आता म्हणेल, आता म्हणेल. त्यांच्या आजीला योम किप्पूर हा शब्द माहीतच नव्हता. ती दार लावायची, पांढरं लुगडं नेसायची आणि कोपऱ्यात बसायची, आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या सणाला ज्यांच्याशी वर्षभर भांडली त्यांच्या घरी स्वतः जायची. "तुमचा तो रामबाम तिने वाचला नव्हता. घरोघर जाऊन यायची मात्र."

मी गप्प. मला शब्दच माहीत नव्हता हो, अलिबाग_लोकलने इथे लिहीपर्यंत. म्हणजे वर्गाच्या वेळी मला ठाऊक नसलेली गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि स्लाइडवर मी लिहिलं होतं की ते विसरले.

मग मी विचारलं, स्लाइड काढून टाकू का? तर नको म्हणाल्या. रहाबीला ठेव, तो आमचाच आहे, त्याने वाचायला शिकवलं, ते खोटं नाही. वरची ओळ बदल. काय लिहू विचारलं तर म्हणे ते तू ठरव, शिकवणारी तू.

अलिबाग_लोकल

डोळ्यात पाणी आलं राव. ओळ काय केलीत?

शाळासुटली

सध्या अशी आहे: "कोकणातले बेने इस्राएल शनिवार पाळत, शेमा म्हणत, दारफळणीला दार लावत. डेव्हिड रहाबीने त्यांना हिब्रू वाचायला शिकवलं अशी त्यांची परंपरा सांगते." सुचवण्या चालतील. रविवारी वर्गाच्या सुरुवातीला जुनी स्लाइड आधी दाखवणार, चूक माझी म्हणून सांगणार आणि मग ही.

तर्कट

"परंपरा सांगते" आवडलं. १७६८ च्या आसपास कोचीनच्या रहाबी घराण्यातल्या एकाने हॉलंडला पाठवलेल्या पत्रात कोकणातल्या या लोकांचा उल्लेख आहे, त्यामुळे कथेतला रहाबी नक्की कुठल्या शतकातला यावर वाद आहे. तुमचं वाक्य दोन्हीकडे टिकतं.

ठाण्याचा_बेने

"पाळत" नको, "पाळतात" करा. मी अजून आहे.

शाळासुटली

केलं. पण मग दार लावायचं काय? "लावत" की "लावतात"?

ठाण्याचा_बेने

आता आम्ही सिनेगॉगमध्ये असतो दिवसभर, दार उघडं असतं. ते "लावत" राहू द्या. आणि रविवारी मीही येतो, किती वाजता?

शाळासुटली

आपले संध्याकाळचे साडेसात, लोदचे पाच. मावशी येणार आहेत, चिकाचा हलवा कसा करतात ते शेवटी सांगणार म्हणाल्या, वही घेऊन बसा. टायगर, तुम्हीही या, माइक म्यूट ठेवा.

एकटा_टायगर

म्यूट ठेवतो. तीन मित्रांतला नंबर परत मिळेल का तेवढं बघा.